पिवळ्या वाघाचं पांढरं गुपित

दोस्तांनो, निघावं वाघाच्या शिकारीला आणि सापडावी लेणी, असं कधी ऐकलंय? अजिंठ्याला नेमकं तेच झालं. २८ एप्रिल १८१९ चा दिवस. मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या डोंगरात वाघ शोधत फिरत होता. खाली घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल दरी आणि तिच्यातून वाहणारी नदी. नदीचं नावही कसं, तर वाघोरा! पलीकडच्या कड्यावर, झाडीत अर्धवट झाकलेली एक भलीमोठी कमान त्याला दिसली. ती होती आज आपण ज्याला दहा नंबरचं लेणं म्हणतो त्याची. आसपासच्या गावकऱ्यांना ही लेणी ठाऊक होतीच म्हणा, पण बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला तो त्या दिवशी. वाघ राहिला बाजूला! स्मिथसाहेबांनी आत शिरून काय केलं, तर एका खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. (सहलीला गेल्यावर भिंतींवर नावं कोरणारे वीर आजही भेटतात. त्यांच्या पूर्वजाचं नाव आता तुम्हाला कळलं.)

त्याच दहाव्या लेण्यात, आणि पुढे सतराव्या लेण्यातही, एका पांढऱ्या हत्तीचं चित्र आहे. त्याचं नाव षड्दंत, म्हणजे सहा सुळ्यांचा. जातककथेतला हा हत्तींचा राजा. त्याच्या दोन राण्या. धाकटी थोरलीवर जळते, रागाने प्राण सोडते, पुढच्या जन्मी माणसांची राणी होते आणि जुना राग काढायला त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात तेव्हा तो हत्तीच ते कापायला मदत करतो. दहाव्या लेण्यातलं चित्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. म्हणजे एवढ्या जुन्या काळीसुद्धा पांढऱ्या प्राण्याचं माणसाला अप्रूप होतं. ब्रह्मदेश आणि थायलंडचे राजे तर खरोखरचे फिकट रंगाचे हत्ती दरबारी पाळत. ते काही दुधासारखे शुभ्र नसतात, तांबूस-गुलाबीसर असतात. पण काळ्या-करड्या कळपात असा एखादा जन्मला की लोक हात जोडत.

काळ्या-करड्यांच्या घरी गोरा आला कुठून, हा प्रश्न मात्र हात जोडून सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी मी अजिंठा पाहून परत येताना छत्रपती संभाजीनगरला थांबलो होतो. गाडीला वेळ होता, म्हणून बसस्थानकाजवळच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात शिरलो. तिथे पिवळे वाघही होते आणि पांढरेही. पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यासमोर सिल्लोडकडचं एक कुटुंब उभं होतं. नातू आजीला विचारत होता,

"आजी, ह्याचे आई-बाप बी पांढरेच असतील ना?"

"तर रे! खाण तशी माती. पांढऱ्याच्या पोटी पांढरंच."

मला राहवेना. मी म्हटलं, "आजी, ह्याचे आई-वडील दोघंही पिवळे असू शकतात."

"उगं काही बी नका सांगू, सर," आजी म्हणाल्या. मी शिक्षक आहे हे त्यांनी कसं ओळखलं, कोण जाणे! बहुधा विचारलेलं नसताना सांगायला लागलो, त्यावरूनच.

मग आम्ही बाकावर बसलो आणि मी त्यांना चिठ्ठ्यांचा हिशोब सांगितला. तोच आता तुम्हाला सांगतो.

प्रत्येक प्राण्याच्या शरीरातल्या पेशींमध्ये ते शरीर कसं घडवायचं याच्या सूचना असतात. त्यांना शास्त्रज्ञ जनुकं म्हणतात. आपण त्यांना तात्पुरतं चिठ्ठ्या म्हणू. बहुतेक प्रत्येक कामाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आणि त्या प्राण्याला पुढे पिल्लं झाली की प्रत्येक पिल्लाला तो आपल्या दोनपैकी एकच चिठ्ठी देतो. कोणती, हे नशिबावर. लॉटरीच म्हणा ना!

वाघाच्या अंगावरचा पिवळा-तांबूस रंग तयार करायला एक चिठ्ठी लागते. तिला 'पि' म्हणू. फार पूर्वी कधीतरी कुठल्या तरी वाघात या चिठ्ठीची नक्कल होताना एक बारीकशी चूक झाली. बीजिंगमधल्या शास्त्रज्ञांनी ती २०१३ साली शोधून काढली. लांबलचक मजकुरातलं एकच अक्षर बदललं, म्हणून पिवळा रंग बनेनासा झाला. या चुकलेल्या चिठ्ठीला 'पां' म्हणू. काळा रंग मात्र तिच्यामुळे थांबत नाही. म्हणून पांढऱ्या वाघाला काळपट पट्टे असतात आणि डोळे निळे असतात. अंगात रंगच नसलेले जे प्राणी असतात, ज्यांचे डोळे लालसर दिसतात, त्यांच्यातला हा नव्हे. पुष्कळ जण इथे घोटाळा करतात.

आता वाघाजवळ दोन चिठ्ठ्या, म्हणजे प्रकार तीन. पि-पि, पि-पां आणि पां-पां. पहिला पिवळा आणि तिसरा पांढरा, हे उघड आहे. मधल्याचा रंग कोणता? अर्धा पिवळा, फिकट? नाही. तो चांगला झळझळीत पिवळा! कारण रंग बनवायला एक धड चिठ्ठी पुरते. स्वयंपाकघरात आमटीच्या कृतीच्या दोन वह्या असल्या आणि एकीतलं पान फाटलं, तरी दुसरीवरून आमटी होतेच ना, तसं. म्हणून पि ला 'प्रभावी' म्हणतात आणि पां ला 'अप्रभावी'. या नावांमुळे वाटतं की प्रभावी जनुक दुसऱ्याला दाबून टाकतं, त्याच्यावर दादागिरी करतं. तसलं काही नसतं. एकाचं काम दिसतं, दुसऱ्याला काम करताच येत नाही, एवढंच.

मधल्या पि-पां वाघाला म्हणायचं वाहक. तो दिसतो पिवळा, पण पांढरं गुपित घेऊन हिंडतो. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो आणि त्याच्याकडे बघून तुम्हाआम्हालाही लागत नाही.

ही नुसती कागदावरची गंमत नाही बरं का. रेवा संस्थानातली गोष्ट ऐका. रेवा म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला भाग. मे १९५१ मध्ये तिथल्या जंगलात एक पांढरा बछडा जिवंत पकडला गेला. रेव्याचे महाराज मार्तंड सिंह यांनी त्याला गोविंदगढच्या राजवाड्यात ठेवलं आणि त्याचं नाव ठेवलं मोहन. मोहन मोठा झाल्यावर महाराजांना वाटलं, याच्यासारखेच आणखी पांढरे वाघ व्हावेत. त्यांनी बेगम नावाची पिवळी वाघीण त्याच्याबरोबर ठेवली. तीन वेळा पिल्लं झाली. सगळी मिळून दहा. त्यांतली पांढरी किती? एकही नाही! दहाच्या दहा पिवळी.

महाराज हिरमुसले असतील. पण तुम्ही आता हिशोब करू शकता. मोहन पां-पां. त्याच्याकडून प्रत्येक पिल्लाला पां च मिळणार, दुसरं काही द्यायला त्याच्याजवळ नाहीच. बेगम पि-पि असेल तर तिच्याकडून प्रत्येकाला पि. म्हणजे सगळी पिल्लं पि-पां, सगळी पिवळी आणि सगळी वाहक. बेगम स्वतः वाहक असती तर? मग निम्मी पिल्लं पांढरी व्हायला हवी होती. तरीही केवळ योगायोगाने दहाही पिवळी झाली असती का? अशक्य नाही, पण ती शक्यता १०२४ मध्ये एक. (दोनला दोनाने नऊ वेळा गुणत जा, पटेल.) तेव्हा बेगमकडे पांढरी चिठ्ठी नव्हती असं आपण बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. वाघिणीच्या अंगातलं न दिसणारं काही आपण नुसती पिल्लं मोजून ओळखलं, आहे की नाही मजा?

पुढे मोहनची आणि बेगमची मुलगी राधा मोठी झाली. तिला मोहनबरोबर ठेवलं गेलं. म्हणजे बाप आणि लेक. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी राधाला चार पिल्लं झाली. राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. चारही पांढरी! राधा पि-पां, मोहन पां-पां, तेव्हा निम्मी पांढरी असा आपला अंदाज. चारपैकी दोन. झाली चार. मग अंदाज चुकला का?

हे समजायला एक खेळ खेळू. दोन नाणी घ्या. एक आई, एक वडील. दोघंही पि-पां असे वाहक धरा. छापा म्हणजे पि, काटा म्हणजे पां. दोन्ही नाणी एकदम उडवा. दोन्ही काटे पडले तर पिल्लू पांढरं, नाहीतर पिवळं. असं चाळीस वेळा करा आणि लिहून ठेवा. साधारण दहा पांढरी निघतील, म्हणजे चारात एक. कोणाची आठ निघतील, कोणाची तेरा. पण फक्त चारदाच नाणी उडवून थांबलात, तर कदाचित एकही पांढरं येणार नाही किंवा दोन-तीनही येतील. यात नवल काही नाही. आमच्या वर्गात एकाला पहिल्या तीन वेळा लागोपाठ दोन्ही काटे पडले आणि त्याने नाणं खोटं असल्याची तक्रार केली होती!

ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात १९८० साली खरोखर असं घडलं. आई-बाप दोघंही पिवळे आणि पिल्लं पांढरी. सगळा गाव बघायला लोटला असेल. पण दोन वाहकांची गाठ पडली होती, बस्स.

या हिशोबाचा पाया घातला तो ग्रेगोर मेंडेल नावाच्या एका धर्मगुरूने. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात, मठाच्या बागेत तो वाटाणे लावायचा. १८५६ पासून सात-आठ वर्षं त्याने हाच उद्योग केला. गोल दाण्याचे आणि सुरकुतलेल्या दाण्याचे वाटाणे एकत्र आणले, तर पुढच्या पिढीत सगळे गोल. सुरकुत्या गायब! पण त्या गोल दाण्यांपासून आलेली पुढची पिढी मोजली तेव्हा ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. भागाकार करून बघा. जवळजवळ तीनास एक. सुरकुत्या मेल्या नव्हत्या, एक पिढी लपून बसल्या होत्या. मेंडेलने १८६६ साली हे छापलं आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही. १९०० साली लोकांना त्याची आठवण झाली, तोवर बिचारा जाऊन सोळा वर्षं झाली होती. सात हजारांवर दाणे मोजायचा त्याचा चिवटपणा बघा! वाघिणीची चार पिल्लं मोजून त्याला हा नियम कधीच सापडला नसता. मोठ्या संख्येबद्दल हा नियम चांगलं भाकीत करतो. एकट्या पिल्लाबद्दल तो फक्त शक्यता सांगतो.

आता मोहनच्या गोष्टीचा दुसरा भाग. तो फारसा गोड नाही.

मोहिनी १९६० साली अमेरिकेला गेली. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात तिला पाहायला झुंबड उडाली. सगळ्यांना पांढरे वाघ हवेसे झाले. जंगलात तर ते सापडत नाहीत. मग पांढरे मिळवायचा सोपा उपाय कोणता? दोघांकडेही पां चिठ्ठी असेल अशी जोडी लावायची. आणि अशी चिठ्ठी नक्की कोणाकडे? मोहनच्या घरातल्यांकडे. म्हणून बाप-लेक, भाऊ-बहीण, काका-पुतणी अशा जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावल्या गेल्या. जगभरच्या पिंजऱ्यांतल्या पांढऱ्या वाघांपैकी बहुतेकांच्या वंशावळीत मोहन सापडतो.

पण मोहनकडे काय ती एकच चुकलेली चिठ्ठी होती? प्रत्येक प्राण्याच्या हजारो चिठ्ठ्यांत चार-दोन तरी बिघडलेल्या असतातच. जोडीची धड चिठ्ठी असते तोवर त्यांचं काही अडत नाही. पण एकाच घरातली जोडी लागली की आजोबांची तीच बिघडलेली चिठ्ठी आईकडूनही येते आणि वडिलांकडूनही येते. मग झाकून ठेवणारं कोणी उरत नाही. असे बछडे अशक्त निपजतात, लहानपणीच दगावतात. कित्येक पांढरे वाघ तिरळे असतात, त्याचं कारण थोडं वेगळं आहे. रंगाचा आणि डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांच्या जुळणीचा संबंध असतो. रंगाची चिठ्ठी चुकली की ती जुळणीही चुकते. म्हणजे ते तिरळेपण पांढऱ्या रंगाबरोबरच येतं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सभासदांना सांगून टाकलं, मुद्दाम पांढरे वाघ जन्माला घालू नका. मला विचाराल तर उशीरच झाला.

इथवर मी सिल्लोडच्या आजींना सांगत आलो, तेव्हा नातू कधीच माकडांच्या पिंजऱ्याकडे पळाला होता. आजी मात्र गप्प झाल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या,

"सर, आमच्यात मामाची पोरगी करत्यात. माझी थोरली नात बी.कॉम. झाली. तिच्या आत्यानं तिला मागणी घातलीय, आपल्या पोरासाठी. मंग आता?"

पाहिलंत? वाघाची गंमत सांगता सांगता आम्ही एकदम घरात येऊन पोचलो. महाराष्ट्रात कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची जुनी रीत आहे. घरातली मुलगी घरात राहते, सासू म्हणजे आत्याच, जमीन वाटली जात नाही. रीत पडायला कारणं होती. म्हणून मी आजींना हो किंवा नाही म्हटलं नाही. मी खिशातून कागद काढला.

समजा, आजींच्या अंगात एक बिघडलेली चिठ्ठी आहे. आजी ठणठणीत, कारण दुसरी धड आहे. त्यांच्या मुलाला ती मिळाली असण्याची शक्यता दोनात एक, मुलीलाही दोनात एक. मुलाच्या मुलीला, म्हणजे नातीला, चारात एक. मुलीच्या मुलाला, म्हणजे नातवाला, चारात एक. दोघांकडेही ती असण्याची शक्यता सोळात एक. आणि दोघं वाहक असले तर त्यांच्या प्रत्येक बाळाला दोन्ही चिठ्ठ्या बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक. सगळं गुणलं की येतं चौसष्टात एक. आता समजा, मुलीचं लग्न बाहेरच्या मुलाशी झालं आणि बाहेर ही चिठ्ठी शंभरात एकाकडेच आहे. मग हिशोब होतो चारात एक, गुणिले शंभरात एक, गुणिले चारात एक, म्हणजे सोळाशेत एक. पंचवीस पटींचा फरक!

यावरून लगेच घाबरून जाऊ नका. मामा-आत्याची मुलं एकमेकांशी लग्न करतात, त्यांतल्या बहुतेकांची बाळं धडधाकटच असतात. एरवी जन्मतः काही गंभीर दोष असलेली बाळं शंभरात दोन-तीन असतात. चुलत-मामे-आते भावंडांच्या लग्नांत ती चार ते सहा होतात, असं जगभरच्या पाहण्यांत आढळलं आहे. म्हणजे चौऱ्याण्णव तरी सुखरूप. पण ज्यांच्या घरी ते बाळ येतं, त्यांना शंभरातल्या चौऱ्याण्णवांचा काय दिलासा?

आणि 'बाहेरचा' म्हणजे किती बाहेरचा, हेही बघावं लागतं. सिकलसेल हा आजार घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत तो पुष्कळ आढळतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंग असह्य दुखतं. ज्याच्या दोन्ही चिठ्ठ्या सिकलच्या, तो रुग्ण. ज्याची एकच, तो वाहक. वाहक शाळेत जातो, खेळतो, शेतात राबतो. त्याला सहसा कसलाच त्रास जाणवत नाही. पण एखाद्या समाजात पाचात एक जण वाहक असेल, तर नात्याबाहेर पण त्याच समाजात लग्न करून धोका कितीसा टळणार? तिथे नातं बघण्यापेक्षा रक्त तपासणं अधिक उपयोगी. ही तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तापासून सुरू होते. काही आढळलं तर आणखी एक चाचणी करून तो वाहक की रुग्ण हे नक्की करतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे केंद्र सरकारच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि त्यांना कार्ड द्यायचं, असं त्यात ठरलं. गंमत बघा, मोहन जिथे पकडला गेला ते जंगल शहडोलपासून फार लांब नाही.

दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळागणिक शक्यता अशी: चारात एक रुग्ण, चारात दोन वाहक, चारात एक पूर्ण मोकळं. इथे लोक एक मोठी चूक करतात. पहिलं मूल आजारी निघालं की म्हणतात, 'चारातलं एक होऊन गेलं, आता पुढची तीन चांगली.' तसं नसतं हो! नाण्याला मागचं काही आठवत नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी पुन्हा तेच चारात एक. दुसरी चूक त्याहून वाईट. आजारी मूल झालं की सुनेला बोल लावतात. एक चिठ्ठी मुलाकडूनही आलेली असते, त्याशिवाय हा आजार होतच नाही.

आजींनी कागद घडी घालून पदराच्या टोकाला बांधला. म्हणाल्या, "दोघांचं बी रक्त तपासून घेते. पोरीला बी इचारते." ती शेवटची गोष्ट मी सांगायची विसरलो होतो. त्यांची त्यांनाच सुचली. मी त्यांना एवढंच सांगितलं की मोठ्या सरकारी दवाखान्यात आधी डॉक्टरांशी बोला. घरात आधी कोणाला असा आजार होता का, कोणाची मुलं लहानपणी गेली का, ते आठवून लिहून न्या. कारण सगळ्याच बिघडलेल्या चिठ्ठ्यांची तपासणी एका चाचणीत होत नाही.

आता तुम्ही हे वाचून आई-बाबांच्या मागे लागाल, 'माझं नाक कोणाचं, डोळे कोणाचे' म्हणून. तेव्हा एक इशारा. प्रत्येक गोष्ट वाघाच्या रंगाइतकी सरळ नसते. उंची, अंगाचा रंग, हुशारी यांना एक-दोन चिठ्ठ्या पुरत नाहीत. शेकडो चिठ्ठ्या आणि वर तुमचं खाणंपिणं, खेळणं, अभ्यास. जिभेची नळी करता येणं हे प्रभावी जनुकामुळे, असं कित्येक पुस्तकांत छापलेलं असतं. ते खरं नाही. १९५२ साली एकाने हुबेहूब जुळ्यांच्या तेहतीस जोड्या तपासल्या. सात जोड्यांत एकाला जिभेची नळी जमत होती आणि दुसऱ्याला नाही! त्यांच्या चिठ्ठ्या तर सारख्याच. तेव्हा आई-बाबांना जमत नाही आणि तुम्हाला जमतं, यावरून काहीही ठरवू नका.

रक्तगटाचं मात्र पुष्कळसं जमतं. ओ गट अप्रभावी. आई ए आणि बाबा बी गटाचे असले, तरी मूल ओ गटाचं होऊ शकतं, कारण दोघांनीही एकेक ओ लपवलेला असू शकतो. घरातली कार्डं काढून हिशोब जुळतो का बघा. आणि नाही जुळला तर? तर डॉक्टर य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आठवण ठेवा. १९५२ साली मुंबईत त्यांना असे लोक सापडले, ज्यांचं रक्त ओ सारखं वाटे, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नसे. ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात, तो पायाच बनवणाऱ्या चिठ्ठ्या त्यांच्यात दोन्ही बिघडलेल्या. हीसुद्धा अप्रभावीच! अशा माणसाच्या अंगात ए किंवा बी ची चिठ्ठी असली तरी ती दिसत नाही, आणि मग मुलांचे गट ऐकून घरातले चक्रावतात. भारतात साधारण दहा हजारांत एखादी अशी व्यक्ती असते. या गटाला जगभर 'बॉम्बे' म्हणूनच ओळखतात. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं राहिलं.

जाता जाता एक कोडं. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात गेलात की पांढऱ्या वाघापुढे गर्दी असते आणि पिवळ्यापुढे कोणी नसतं. त्या पिवळ्यापुढे उभे राहा. समजा, त्याची जोडीदारीण पांढरी आहे आणि त्यांना आतापर्यंत पाच पिल्लं झाली आहेत, पाचही पिवळी. हा नर पि-पि आहे असं तुम्ही छातीठोकपणे सांगाल का? तो वाहक असूनही पाचही पिवळी होण्याची शक्यता किती? आणि सहावं पिल्लू पांढरं निघालं, तर पहिल्या पाचांच्या चिठ्ठ्या काय असतील? उत्तर काढायला फार काही लागत नाही. कागद, पेन्सिल आणि दोन नाणी.